स्वयंपाकघराची खिडकी कुणी बंद केली?

आधी कबुली देतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी चार घरांत राहिलो. त्यांतल्या एकाही घराच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ऑफिसच्या सर्व्हर रूमचं तापमान दोन अंशांनी वाढलं की माझा फोन वाजतो आणि मी रात्री दोन वाजता उठून बसतो. अम्मी रोज चार-पाच तास ज्या खोलीत उभी असते, तिथल्या हवेसाठी कुणाचाच फोन कधी वाजला नाही.

तीन हिवाळे तिचा खोकला चालू होता. घरात सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "मौसम बदला है." आल्याचा काढा, मध, जोशांदा. चौथ्या हिवाळ्यात जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर मटकन बसली, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "घरात सिगरेट कोण ओढतं?" कुणीच नाही. अब्बांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. मग नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली. निदान निघालं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणं. औषधानं त्रास कमी होतो, पण फुप्फुसाची गेलेली ताकद परत येत नाही. यानंतर डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "लहानपणी घरात चूल कसली होती?"

लाकडाची होती. मिरजेत, माझ्या आजोळी. लग्नानंतर रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस. गॅस आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. अम्मीनं तो बंद खोलीत टाकला.

डॉक्टरांनी तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की कधीही सिगरेट न ओढलेल्यांना होणारा सीओपीडी प्रचंड आहे, आणि जगाचा विचार केला तर चुलीचा धूर हे त्याचं कदाचित सगळ्यांत मोठं कारण असेल. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कर्क स्मिथ नावाचा अमेरिकन संशोधक गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजत होता. तोवर प्रदूषण म्हटलं की कारखान्याची चिमणी आणि रस्त्यावरचा ट्रक. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या नाकाजवळ यंत्र नेऊन ठेवावं हे सुचायलाच इतकी वर्षं लागली. १९८३ साली त्याचा निबंध छापून आला. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे ही गोष्ट जगाला माहीत झाल्यावर माझ्या घरानं आणखी तीस-पस्तीस वर्षं खिडकी बंद ठेवली.

'खिडकी बंद ठेवली' हे शब्दशः खरं आहे. कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात अब्बांनी स्वयंपाकघराच्या काचांना दुधी कागद चिकटवला आणि कडी लावून टाकली. कारण काय, तर समोरच्या इमारतीच्या जिन्यातून आतलं दिसतं. अम्मीला कुणी विचारलं नाही. वर्षभरात खिडकीपुढं डब्यांची मांडणी उभी राहिली आणि खिडकीची भिंत झाली. अब्बा वाईट माणूस नाहीत. मोहल्ल्यातल्या दहा घरांत जाऊन बघा, आठ घरांत हीच मांडणी, हाच दुधी कागद दिसेल.

गेल्या रमजानच्या आधी मी एक खेळणं बनवलं. लेझरनं धूलिकण मोजणारा सेन्सर, कार्बन डायऑक्साइड मोजणारा दुसरा, आणि दोन्हींचे आकडे मोबाइलवर पाठवणारी वाय-फायची चिप. सगळं पाच हजारांच्या आत. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण. नाक त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार हवेत त्यांची चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या वर जाऊ नये. भारताची मर्यादा ६० आहे, आणि तीही बाहेरच्या हवेसाठी.

असरच्या नमाजनंतर तळण सुरू झालं. समोसे, भजी, रोजचंच. हॉलमध्ये आकडा ७० च्या आसपास फिरत होता. स्वयंपाकघरात तो ४०० च्या वर गेला आणि मगरीबपर्यंत तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी मी मांडणी सरकवली, कडी काढली, खिडकी सताड उघडली. तेच तेल, तेवढेच समोसे. आकडा निम्म्याच्याही खाली राहिला. माझ्यासारखे इंजिनिअर लगेच म्हणतील की असला स्वस्त सेन्सर वाफेलाही धूळ समजतो. समजतो. म्हणून मी एकेका आकड्याची शपथ घेत नाही, दोन दिवसांतल्या फरकाकडे बोट दाखवतो. शिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो, तो माझ्या खेळण्याला दिसत नाही. ज्योत निळी आणि स्वच्छ दिसते, म्हणून आपण गॅसला धूर नसतोच असं धरून चालतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिला सेन्सर लागत नव्हता. अम्मीचा रोजा होता. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, घसा कोरडा, आणि तिनं दीड तास कढईवर वाकून काढला. आम्ही तिघं पुरुष, म्हणजे अब्बा, भाऊ आणि मी, असर पढून येताना चौकात गप्पा मारल्या आणि घरी आलो तेव्हा दस्तरखान लागलेला होता. तीस दिवस असंच. वर आपण म्हणतो की रमजानात घरात बरकत असते.

पडद्याबद्दल बोलतो, कारण मुद्दा टाळला तर वाचणाऱ्यांतले निम्मे म्हणतील की याला खरं बोलायची हिंमत नाही, आणि उरलेले निम्मे म्हणतील की याला खरं तर पडद्यावरच हल्ला करायचाय. एखाद्या बाईनं पडदा करावा की नाही, किती करावा, हे तिनं ठरवावं. पण इथं पडदा भिंतीला केलाय, आणि त्याची किंमत तिच्या फुप्फुसानं भरलीय. नजर अडवण्यासाठी हवा अडवावी लागत नाही. नजर सरळ रेषेत जाते, हवा वळून जाते. हे ज्यांनी जाळी घडवली त्यांना चांगलं ठाऊक होतं. बीबी का मकबऱ्यात दिलरस बानूच्या कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. आपण सहलीला जातो, तिच्यापुढं फोटो काढतो, आपल्या वारशाचा अभिमान वाटतो, आणि घरी येऊन खिडकीला कागद चिकटवतो. काचेच्या तिरप्या पट्ट्यांची खिडकी बसवा, वरच्या तावदानात पंखा बसवा, बाहेरून जाळी लावा. समोरच्या जिन्यातल्या माणसाला काही दिसणार नाही आणि धूर बाहेर जाईल. दोन-तीन हजारांचं काम आहे. जे काम इतकं सोपं असूनही पंधरा वर्षं होत नाही, ते पैशामुळं किंवा दीनमुळं अडलेलं नसतं. ज्याला त्रास होतो त्याच्या हातात घराचा खर्च नसतो, म्हणून ते अडतं.

लहानपणी मदरशात आपल्याला शिकवलं की कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत जाऊ नये, शेजारी उभ्या असलेल्याला वासाचा त्रास होतो. किती बारीक विचार आहे पाहा. शेजारच्या नमाजीच्या नाकाची एवढी काळजी करायला शिकलेल्या माणसाला घरात उभ्या असलेल्या बाईच्या नाकाची आठवण का होत नाही? आमच्या भागातल्या मशिदीत एसी बसवायचं ठरलं तेव्हा दोन जुम्म्यांत पैसे जमले. मीही दिले. त्याच मोहल्ल्यात स्वयंपाकघरांना एक्झॉस्ट फॅन बसवण्यासाठी चंदा काढू असं मी एका बैठकीत बोललो, तर लोक हसले. एका वडीलधाऱ्यांनी प्रेमानं समजावलं, "बेटा, ये औरतों का मामला है."

हेच वाक्य मला आपल्या चळवळीतल्या मित्रांकडूनही ऐकावं लागलं, फक्त मराठीत आणि जरा सुधारून. "हा जीवनशैलीचा विषय आहे, आपला नाही." १९६६ साली हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हाही तलाक हा घरातला मामला आहे असंच सांगितलं जात होतं. आपण तलाकवर, वारशावर, मुलींच्या शिक्षणावर परिसंवाद भरवतो, आणि भरवलेच पाहिजेत. पण परिसंवाद संपल्यावर बिर्याणी कुठून येते? बाईच्या नावानं लढायचं आणि तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, याला मी सुधारणा म्हणणार नाही.

या विषयावर तोंड उघडलं की ठरावीक उत्तरं मिळतात. पहिलं, "आमच्या दादीनं जन्मभर चुलीवर केलं, नव्वद वर्षं जगली." जगली असेल, अल्लाह तिला जन्नत देवो. पण ज्या दादी पन्नाशीत धापा टाकत गेल्या, त्यांचा दाखला द्यायला कुणी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगात ३२ लाख माणसं मेली. दुसरं उत्तर, "दिवाळीच्या फटाक्यांवर बोला ना आधी." बोलू. मी दरवर्षी बोलतो, माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यासाठी शिव्याही खाल्ल्यात. पण अम्मीच्या फुप्फुसात फटाके वर्षातून चार दिवस जातात आणि तेलाचा धूर रोज जातो. दुसऱ्याच्या घरचं मोजून आपल्या घरचं कमी होत नाही.

तिसऱ्या उत्तराला उत्तर देणं जरा अवघड आहे. "आपल्या प्रत्येक गोष्टीवर बाहेरचे बोट ठेवतातच. अजान, कुर्बानी, बुरखा. आता तू लोबानवरही बोलणार?" या रागामागचं दुखणं मला कळतं, मीही त्याच समाजात राहतो. तरीही बोलतो. जुमेरातच्या संध्याकाळी आमच्या घरात लोबान फिरवला जातो, फातिहाला अगरबत्ती लागते. एक ग्रॅम अगरबत्ती जळताना निघणारे कण एक ग्रॅम सिगरेटच्या चौपटीहून जास्त असतात, असं मोजून दाखवलेलं आहे. सिंगापूरच्या चिनी लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात घरात रोज उदबत्त्या जाळण्याचा संबंध घसा-नाकाच्या कर्करोगाशी दिसला. अमिरातीतल्या घरांमधल्या ऊदाच्या धुराचीही तपासणी झाली, आणि त्या धुरात ठेवलेल्या फुप्फुसाच्या पेशींना सूज आली. उदबत्ती चिनी देवळातली असो, शेजारच्या देवघरातली असो की आमच्या फातिहाची, फुप्फुसाला तिचा मजहब कळत नाही. मी लोबान बंद करा म्हणत नाही. आमच्याकडे तो आता गॅलरीत फिरतो, पाच मिनिटं, दारं उघडी ठेवून. दादीनं दोन जुमेरात तोंड फुगवलं, मग तिचीच खाट गॅलरीजवळ सरकली.

मच्छर अगरबत्तीबद्दल मात्र मी इतका मवाळ नाही. एक कॉइल रात्रभर जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींच्या बरोबरीचे असतात, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलेलं आहे. आणि ती आपण कुठं लावतो? लहान मुलाच्या पाळण्याखाली, दार-खिडक्या लावून, कारण उघड्या ठेवल्या तर मच्छर येतात. मच्छरदाणी नावाची गोष्ट आपल्या आजीकडे होती. ती गेली, कारण ती गरिबीची खूण वाटायला लागली.

आता बाजाराकडे वळू. कारण आमच्या पिढीला काहीही कळलं की आम्ही आधी ॲप उघडून काहीतरी मागवतो. माझ्या चुलत भावानं इन्स्टाग्राम बघून घरात सात कुंड्या आणल्या, स्नेक प्लांट वगैरे. "नासानं सांगितलंय, झाडं हवा शुद्ध करतात." नासाचा तो अभ्यास १९८९ चा आहे आणि तो छोट्या बंद पेट्यांत केलेला आहे. २०१९ साली दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. उघड्या खिडकीइतकी हवा झाडांकडून शुद्ध करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. झाडं जरूर लावा, दिसायला सुंदर असतात. पण त्यांच्या भरवशावर खिडकी बंद ठेवू नका. एअर प्युरिफायर कण खरोखर गाळतो, पुण्यातल्या जानेवारीत तो उपयोगीही पडतो. पण साधा प्युरिफायर नायट्रोजन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड गाळत नाही. शिवाय तो बसतो हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, पाहुण्यांना दिसेल असा. स्वयंपाकघरात ठेवलेला प्युरिफायर मी अजून एकाही घरात पाहिला नाही. चिमणीचंही तसंच. नळी बाहेर न काढता नुसती फिल्टरवाली चिमणी बसवली तर ती तेलाचा चिकटा धरते आणि उरलेली हवा तुमच्याच तोंडावर सोडते. विकणारा हे सांगत नाही. विचारा, नळी बाहेर कुठून काढणार?

स्प्लिट एसीबद्दल तर माझ्याच ऑफिसातले लोक ऐकून चकित झाले. तो बाहेरची ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो. आमच्या बेडरूममध्ये तिघं झोपतो. रात्री अकरा वाजता कार्बन डायऑक्साइडचा आकडा ७०० होता, पहाटे चारला २,३००. मॅक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञानं १८५८ साली १,००० ही मर्यादा सुचवली होती, खोलीतली हवा शिळी झाल्याची खूण म्हणून. हा वायू त्या प्रमाणात विष नव्हे. पण आकडा चढला याचा अर्थ आपण एकमेकांनी सोडलेला श्वास घेत होतो, आणि त्यातून सर्दी, फ्लू, टीबी, जे कुणाकडे असेल ते सगळ्यांचं होतं. दाराखाली दोन बोटांची फट आणि खिडकी थोडीशी उघडी, एवढ्यावर आमचा आकडा हजाराच्या आसपास आला. विजेचं बिल थोडं वाढलं असेल. हिवाळ्यात खिडकी पहाटे उघडण्यापेक्षा दुपारी उघडा. थंडीत पहाटे धूर-धूळ जमिनीलगत दाटून राहते, ऊन चढल्यावर वर उठते. आणि ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे त्यांनी हा लेख पुढं वाचायच्या आधी उठून तिथं झरोका आहे का ते बघा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. असे मृत्यू दर हिवाळ्यात पेपरात येतात.

आता दुसरी बाजू. सगळा दोष अब्बांच्या कडीवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, आणि खोटं आहे. नोकरी लागल्यावर मी पुण्यात घर शोधत होतो. तीन ठिकाणी मालकाशी फोनवर सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर 'कळवतो' झालं. त्यांतला एक फ्लॅट मला अजून आठवतो. कोपऱ्यावरचा होता, स्वयंपाकघराला दोन बाजूंनी खिडक्या आणि समोर मोकळं मैदान. शेवटी आलो कोंढव्याला, जिथं नाव सांगितल्यावर कुणी थबकत नाही, पण दोन इमारतींत इतकं अंतर आहे की शेजारणीला हात लांबवून मिठाचा डबा देता येतो. अशा इमारतीत खिडकी उघडली की समोरच्याचा जिनाच आत येतो. मग कडी लागते. सच्चर समितीनं २००६ सालीच लिहून ठेवलंय की असुरक्षिततेपोटी मुस्लिम ठरावीक वस्त्यांत गोळा होत गेले आणि त्या वस्त्यांना सोयी पोचल्या नाहीत. सोयी म्हणजे आपण नळ, गटार, शाळा मोजतो. हवा आणि ऊन कुणी मोजत नाही.

मोजलं तर काय दिसतं हे मुंबईत दिसलं. गोवंडी-मानखुर्दमध्ये लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. शहराच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या, त्या कुटुंबांना तिथं 'पक्कं घर' मिळालं. इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं मुंबई आयआयटीच्या अभ्यासकांसह तिथं पाहणी केली, २०१८ साली ती पुढं आली. या दोन वसाहतींत टीबीचं प्रमाण जवळच्याच पीएमजीपी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त होतं, कारण पीएमजीपीत इमारती एकमेकींपासून लांब आहेत. खालच्या मजल्यांवर, जिथं ऊन पोचतच नाही, तिथं हाल जास्त. टीबीचे जंतू हवेतून पसरतात आणि उन्हानं मरतात. ज्यानं नकाशावर ३ मीटरचं अंतर मंजूर केलं, त्यानं कुणाच्या घरात टीबी सोडला हे त्याला कधी विचारलं गेलं नाही. झोपडीतून काढून चार भिंती दिल्या, वर उपकारही चढवले.

म्हणून मी म्हणतो की हा खरेदीचा विषय नाही, नागरिकाचा विषय आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत साधा नियम आहे. मुंबई-कोकणासारख्या दमट उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश एवढ्या उघडणाऱ्या खिडक्या हव्यात. म्हणजे ६० चौरस फुटांच्या स्वयंपाकघराला १० चौरस फूट. आज रात्री टेप घेऊन आपलं स्वयंपाकघर मोजा. तुमच्या मोहल्ल्यात पुनर्विकासाची बैठक होईल तेव्हा लोक दोनच प्रश्न विचारतील, कार्पेट एरिया किती आणि पार्किंग मिळणार का. तुम्ही तिसरा विचारा. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती, आणि स्वयंपाकघराची खिडकी मोकळ्या आभाळाकडे उघडणार की डक्टमध्ये? मी विचारला होता. बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही." बैठकीत चाळीस पुरुष होते. बाई एकही नव्हती. पुढच्या बैठकीला मी अम्मीला आणि शेजारच्या खालाला घेऊन गेलो. खालानं सरळ नकाशावर बोट ठेवलं, "इधर चूल्हा है तो धुवां किधर जाएगा?" नकाशा काढणाऱ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी नकाशा बदलून आला. सगळा नाही, पण एका बाजूची स्वयंपाकघरं बाहेरच्या भिंतीला आली.

ईदनंतरच्या आठवड्यात आमच्या घरी पंखा बसला. सुताराकडून वरचं तावदान कापून घेतलं, ९ इंची एक्झॉस्ट, मजुरीसकट २,४०० रुपये. अब्बा त्या दिवशी मुद्दाम बाहेर गेले, संध्याकाळी आले, जिन्यात जाऊन समोरून बघून आले की आतलं काही दिसत नाही, आणि काहीच बोलले नाहीत. संध्याकाळचं तळण भाऊ आणि मी आता आलटून पालटून करतो. आमचे समोसे फाटतात.

अम्मीचा खोकला गेला नाही, तो जाणारही नाही. पण इन्हेलर आता दिवसातून कमी वेळा लागतो. पंख्याबद्दल तिची तक्रार आहे. तो फार आवाज करतो आणि त्यात तिला अजान ऐकू येत नाही, म्हणून असर आणि मगरीबच्या आधी ती तो बंद करते. नेमकं तळणाच्या वेळी. कमी आवाजाचा पंखा बघून ठेवलाय, या महिन्याच्या पगारात घेईन.